पुढच्या मालकासाठी

सरांच्या घरात भिंतीवर एकही खिळा नव्हता. फोटो होते, घड्याळ होतं, सासूबाईंनी डोळे फोडून कापडावर भरलेली बदकांची जोडी फ्रेमसकट होती; पण ही सगळी मंडळी जमिनीवर, भिंतीला पाठ टेकून, दवाखान्यात नंबर यायची वाट बघत बसल्यासारखी बसलेली असत. खिळा मारला की भोक पडतं, भोक बुजवलं तरी डाग राहतो, आणि डाग दिसला की घर घेणारा माणूस किंमत पाडतो. घर विकायचं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. पण म्हणून काय झालं?

हा जो घर घेणारा माणूस, तो सरांच्या संसारात पहिल्या दिवसापासून मुक्कामाला होता. त्याला नाव नव्हतं, चेहरा नव्हता, पण आवडीनिवडी फार होत्या. त्याला भिंती पांढऱ्याच लागत, म्हणून बायकोला हवी असलेली निळी भिंत लग्नापासून आजतागायत झाली नव्हती. त्याला सोफ्याचं मूळ कापड कोरं करकरीत लागे, म्हणून सोफ्यावर कव्हर आणि कव्हरवर चादर होती. मूळ कापड हिरवं की तपकिरी यावरून नवराबायकोत एकदा कडाक्याचं भांडण झालं, तेव्हाही सरांनी ते उघडून बघू दिलं नव्हतं. मिक्सरचं खोकं, पंख्याचं खोकं, इस्त्रीचं खोकं, सगळी खोकी माळ्यावर थर्माकोलसह जपलेली होती. आतल्या वस्तू मोडीत जाऊन जमाना झाला होता.

सर कॉलेजात हिशेबशास्त्र शिकवत. त्यात घसारा नावाचं एक प्रकरण असतं. वस्तू वापरली की दरवर्षी तिची किंमत किती उतरते, ते त्यात काढायचं. बाकीची प्रकरणं सर उरकत. घसारा शिकवताना मात्र त्यांचा आवाज हळवा होई. “नवी गाडी दुकानाच्या दारातून रस्त्यावर आली, की त्या क्षणी ती जुनी झाली,” हे वाक्य म्हणून ते असे थांबत, की मागच्या बाकावरची डुलकीही जागी व्हावी. पोरांनी त्यांचं नाव ‘घसारा सर’ ठेवलं. मग ते शिक्षकांच्या खोलीत पोचलं, तिथून प्राचार्यांच्या तोंडी गेलं, आणि शेवटी एकदा निरोपाच्या हारावरच्या चिठ्ठीवरही येईल, अशी सरांना सार्थ भीती होती.

अशा माणसाला स्पोर्ट्स कार हवी होती.

ही गोष्ट बायकोला कळायलाच अर्धा संसार लागला. झालं असं होतं, की सर स्वतः कॉलेजात शिकत असताना, एकदा चढावरून पायी चालले असताना, शेजारून एक बुटकी लाल गाडी गेली. पुढच्या वळणावर चालवणाऱ्याने गिअर बदलला. एवढंच. तो आवाज सरांच्या कानात शिरला आणि भाडं न भरता तिथेच राहिला. त्यानंतर सरांनी ज्या गाड्या घेतल्या त्या सगळ्या चार दारांच्या, फिक्या रंगाच्या आणि विकायला सोप्या होत्या. शेवटची तर इतकी विकायला सोपी होती, की तिच्यातून प्रवास करताना आपण ती चोरून वापरतोय असं बायकोला वाटे.

आता ती गाडीही थकली होती, आणि सरांची मानही. हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडापुढे धरला आणि म्हणाले, “अजून दोनेक वर्षं वाका, बसा, उठा. मग मात्र सगळं उंच लागेल. खुर्ची उंच, पलंग उंच, गाडी उंच.”

पहिल्या दोन्हींचं सरांना काही वाटलं नाही. तिसरा शब्द मात्र त्यांनी डॉक्टरांकडून पुन्हा वदवून घेतला. जमिनीला पोट लावून धावणाऱ्या गाडीत बसायचं असेल तर आत्ता, नाहीतर मग कधीच नाही.

घरी येऊन त्यांनी बायकोला सांगितलं. बायको शहराच्या तरणतलावावर मोठ्या माणसांना पोहायला शिकवत असे. पाण्याला घाबरणाऱ्यांशी कसं बोलावं हे तिला ठाऊक होतं. सरांनी बचावाचे मुद्दे घोकून आणले होते. तिने पहिल्याच मुद्द्याला हात वर केला.

“घ्या.”

“अगं, पूर्ण ऐकून तर घे.”

“घ्या म्हटलं ना! पैसे बाजूला पडलेत, गाडी तशीही बदलायचीच आहे. एकच सांगते. तुम्हाला आवडेल ती घ्या. त्याला विचारू नका.”

“कुणाला?”

“आपल्याकडे राहतो ना, त्याला.”

माझी रिसेल व्हॅल्यू काढली होतीत का, हा विनोद ती आता करणार, म्हणून सरांनी श्वास रोखून धरला. तिने तो केला नाही. त्यामुळे सर जास्तच अस्वस्थ झाले.

जुन्या गाड्यांचा जो व्यापारी गाठला, तो सरांचा विद्यार्थी निघाला. घसाऱ्याच्या प्रश्नावर तो दोनदा नापास झाला होता आणि पुढे त्याच धंद्यावर त्याने दुमजली घर बांधलं होतं. सरांना बघताच तो गल्ल्यावरून उठून धावत आला.

“सर! तुम्ही आणि स्पोर्ट्स कार? कॉलेजात सांगितलं तर कुणी विश्वास ठेवणार नाही.”

“सांगू नकोस,” सर म्हणाले.

त्याच्या आवारात शेवटी, पत्र्याच्या भिंतीशी, दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या होत्या. एक रुपेरी, एक लाल. रुपेरी गाडी मुलाखतीला आल्यासारखी उभी होती. मालक एकच, रंग कंपनीचा, गिअर आपोआप पडणारे, सर्व्हिसिंग वेळच्या वेळी, चाकाजवळचा एक ओरखडा सोडला तर अंगावर व्रण नाही. लाल गाडीचे मालक दोन झाले होते. टप कापडाचा होता. सायलेन्सर कुणीतरी हौसेने बदललेला होता, आणि हौसेने केलेली कुठलीही गोष्ट विकताना आडवी येते हे सर वर्गात दरवर्षी सांगत. गिअर हाताने टाकायचे.

व्यापाऱ्याने लाल गाडी चालू केली. पत्र्याची भिंत थरथरली. कानातला जुना भाडेकरू ताडकन उठून बसला.

“आवारात एक चक्कर मारा सर.”

सरांनी मारली. पहिल्या गिअरमध्ये. दुसरा टाकण्याएवढी जागा आवारात नव्हती. उतरताना मानेने तक्रार केली, पण सरांचं तिच्याकडे लक्ष नव्हतं. त्या क्षणी त्यांच्या खिशात पेन होतं, चेकबुक होतं, समोर व्यापारी होता आणि घरून परवानगी होती. दुसरा कुणी असता तर ही गोष्ट इथेच संपली असती.

“विचार करून सांगतो,” सर म्हणाले. मग त्यांनी दोन्ही गाड्यांचे चहूबाजूंनी फोटो काढले, आणि जाता जाता लाल गाडीच्या कप्प्यातलं माहितीपुस्तक वाचायला मागून घेतलं.

पुढचा आठवडा घरात नुसता वैताग होता. सर जेवताना रुपेरी म्हणत आणि दात घासताना लाल म्हणत. रुपेरी सगळ्यांना चालते, आज घेतली तर उद्या विकता येते. लाल घेणारा माणूस वेडा हवा, आणि वेड्या माणसांकडे पैसे असतीलच असं नाही. पण हातगिअरच्या गाड्या कमी होत चालल्यात, तेव्हा पुढेमागे वेड्यांची संख्या वाढेल का? कापडी टप किती दिवस टिकतो? लाल रंग उन्हाने विटतो, म्हणजे दर उन्हाळ्याला घसारा वेगळा लावायचा का?

“तुम्ही विकायला गाडी घेताय की चालवायला?” बायकोने विचारलं.

“अगं, कधीतरी विकायची तर आहेच ना?”

“मेल्यावर मी विकीन. सावकाश. तुम्ही काळजी करू नका.”

“तुला नीट भाव मिळणार नाही,” सर मनापासून म्हणाले.

बायकोने ताट उचललं आणि जरा जोरातच मोरीत ठेवलं.

शेवटी सरांना शास्त्रीय मार्ग सापडला. बाजारमूल्य म्हणजे काय? गिऱ्हाईक खरोखर द्यायला तयार होईल तो भाव. ही व्याख्या सरांनी फळ्यावर इतक्या वेळा लिहिली होती, की हाताला ती डोक्याची मदत न घेता लिहिता येई. मग गिऱ्हाइकालाच का विचारू नये? जुन्या वस्तू विकायची एक साइट होती. सरांनी तिथे दोन्ही गाड्यांच्या जाहिराती टाकल्या. व्यापाऱ्याने सांगितलेल्या भावापेक्षा किंमत थोडी चढी लावली, कारण लोक पाडून मागणारच.

बायकोने चष्मा लावून मोबाइलची स्क्रीन वाचली. मग चष्मा काढून सरांकडे बघितलं.

“न घेतलेल्या गाड्या विकताय?”

“विकत नाहीये. चाचणी घेतोय. जिला जास्त फोन येतील ती घ्यायची.”

“आमच्याकडे तलावावर येतात असे काहीजण. काठावर उभे राहून हवेत हात मारून बघतात. घरी जाताना म्हणतात, छान झालं पोहणं.”

रुपेरी गाडीची जाहिरात सरांनी चार ओळींत उरकली. मॉडेल, मालक, स्थिती, किंमत. लाल गाडीचीही तशीच लिहायला ते बसले. आवाजाबद्दल एक वाक्य घालावं म्हणून त्यांनी एक वाक्य घातलं, मग त्याला सोबत म्हणून दुसरं. चहा गार झाला. सर लिहीतच होते. चढ संपता संपता दुसरा सोडून तिसरा टाकला की ही गाडी आधी घसा खाकरते आणि मग गायला लागते. टप उघडा असेल तर हा आवाज कानांनी नव्हे, पाठीने ऐकू येतो. ही गाडी तुम्हाला कुठे पोचवणार नाही, कारण पोचावंसं तुम्हाला वाटणार नाही. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात पत्ता आणि प्रश्नपत्रिका यांपलीकडे काही लिहिलं नव्हतं, त्याने हे लिहिलं. तिसऱ्या गिअरचा त्यांना काडीचा अनुभव नव्हता. पण कल्पना करायला उभं आयुष्य मिळालं होतं.

दुसऱ्या दिवसापासून फोन सुरू झाले. सगळे रुपेरीसाठी.

“शेवटची किंमत बोला.”

“आधी गाडी तर बघा,” सर म्हणत.

“बघायची काय? सगळ्या सारख्याच असतात. मला सांगा, पुढे विकली तर किती येतील?”

पहिल्या वेळी सरांना आनंद झाला. आपल्यासारखं कुणीतरी आहे! चौथ्या वेळी तेच वाक्य त्याच सुरात ऐकल्यावर त्यांना कसंसंच झालं. वर्गात चालू तासाला फोन थरथरू लागला. एकाने तर गाडी न बघता, न चालवता, ती घेऊन पुढे कुणाला विकायची हेही ठरवून ठेवलं होतं, आणि त्या पुढच्याला कोणता रंग आवडतो म्हणून तो रंगाची चौकशी करत होता. सरांनी फोन कट केला आणि उगाचच हात धुऊन आले.

लालसाठी कुणीही फोन केला नाही. मग आठवडा संपता संपता एक आला.

“लाल गाडीबद्दल लिहिलंय ते तुम्हीच का? मी दातांची डॉक्टर आहे. एक विचारायचं होतं. टप उघडल्यावर चष्मा उडतो का?”

सर गडबडले. हा प्रश्न त्यांच्या हिशेबात नव्हता. “दोरी लावा चष्म्याला,” ते म्हणाले. “पण मान जरा खाली घेतली तर वारा डोक्यावरून जातो.” हे आपल्याला कसं ठाऊक, असा प्रश्न त्यांना पडला. पण खरं वाटत होतं.

“आणि उठताना? लोकांच्या तोंडात वाकून वाकून माझी पाठ कामातून गेलीय. म्हणून म्हणते, उठता येतंय तोवर घ्यावी.”

“आधी दोन्ही पाय बाहेर काढा. मग दाराच्या कडेला हात. मग घाई करू नका.”

“आवाज खरंच तुम्ही लिहिलाय तसा आहे?”

सर बोलत सुटले. किती वेळ, ते त्यांनाही कळलं नाही. बायको दारात येऊन उभी राहिली आणि ऐकत राहिली. सर उभे राहून, मोकळ्या हाताने हवेत गिअर टाकत होते.

“कधीपासून आहे हो तुमच्याकडे?” डॉक्टरबाईंनी विचारलं.

“कॉलेजपासून,” सर म्हणाले. डोक्यात, हा शब्द तेवढा राहून गेला.

“मग कुठे येऊ बघायला?”

तेव्हा कुठे सर भानावर आले. गाडी सध्या इथे नाही, कामाला दिली आहे, मी कळवतो, असं काहीबाही बोलून त्यांनी फोन ठेवला. कपाळावर घाम होता, पण चेहरा बायकोने लग्नात बघितला होता त्याहून बरा दिसत होता.

“लाल,” सर म्हणाले.

“सुटले मी!” बायको म्हणाली. “काढा चेकबुक. मी चप्पल घालते, बरोबरच जाऊ.”

आणि इथे सरांनी ती चूक केली, जी करायला हिशेबशास्त्राची पदवी लागते.

“थांब,” ते म्हणाले. “आठवडाभरात लालला फोन किती? एक. म्हणजे मागणी नाही. मागणी नाही म्हणजे त्याच्याकडेही ती पडूनच असणार. जेवढी पडून राहील तेवढा तो नरमेल. पुढच्या आठवड्यात जाऊ. चांगली उतरवून घेऊ.”

बायकोने घातलेली चप्पल काढली. “तुम्हाला बुडणारा माणूस ओळखता येतो का?” तिने विचारलं. “तो ओरडत नाही. अगदी शांत असतो. त्याला वाटतं, आपलं बरं चाललंय.”

पुढच्या आठवड्यात सर गेले. एकटेच गेले, बायकोने तलावावर कामाचं निमित्त सांगितलं. वाटेत त्यांनी भाव कसा पाडायचा त्याची उजळणी केली. सायलेन्सर, टप, दोन मालक. आवाराच्या टोकाशी पत्र्याची भिंत दिसली. भिंतीशी रुपेरी गाडी दिसली. तिच्या शेजारी तेलाचा एक डाग दिसला.

“सर!” व्यापाऱ्याने त्यांना कडकडून मिठीच मारली. “काय माणसं पाठवता हो तुम्ही! त्या डॉक्टरबाई!”

“मी?” सर म्हणाले.

“तुम्हीच की. तुमची जाहिरात दाखवली ना त्यांनी. फोटोत मागे माझी पत्र्याची भिंत, त्यावर निम्मा बोर्ड. शोधत शोधत आल्या बिचाऱ्या. खाली तुमचं नाव. म्हणाल्या, यांची लाल गाडी इथेच ठेवलीय का? मी हो म्हणून टाकलं. मी काय ओळखलं नाही होय? म्हटलं, सरांनी जुन्या विद्यार्थ्यासाठी केलंय हे. आणि काय लिहिलंय सर! मी दोनदा वाचलं. मला स्वतःलाच ती गाडी विकू नये असं वाटायला लागलं.”

“भाव?” सरांच्या तोंडून निघालं.

“तुम्ही लिहिलेला. एक रुपया पाडला नाही. म्हणाल्या, इतक्या प्रेमाने सांभाळलेल्या गाडीत घासाघीस करणं बरं दिसत नाही.”

सर रुपेरी गाडीच्या बॉनेटला टेकले. ती जराही हलली नाही, कसला आवाजही तिने केला नाही. गुणी गाडी होती.

“मग ही,” सर घसा साफ करत म्हणाले, “ही तू मला सांगितलेल्या भावाला...”

“त्याचंही सांगायचं होतं,” व्यापारी अदबीने म्हणाला. “त्याच नंबरवर हिचीही जाहिरात होती. बघितलं, तुम्ही भाव वर लावलाय. म्हटलं, घसारा आपण शिकलो कुणाकडून? सर म्हणत असतील एवढी आहे, तर एवढी आहे. मी लगेच वाढवला. लोक यायला लागलेत सर, तुमच्यामुळे!”

गाडीची किंमत वाढली होती. सरांचा अंदाज तंतोतंत खरा ठरला होता. गोची एवढीच होती, की गाडी त्यांनी घ्यायच्या आधीच ती वाढली होती. वर्गात हे उदाहरण घ्यायला हरकत नव्हती, पण ते कोणत्या प्रकरणात बसवायचं हे सरांना कळेना.

“आणि रिकाम्या हाताने नाही जायचं तुम्ही,” व्यापारी आत जाऊन एक जाडजूड गठ्ठा घेऊन आला. “लाल गाडीचं कव्हर. मापाचं शिवलेलं आहे. डॉक्टरबाई नको म्हणाल्या. म्हणाल्या, झाकून ठेवायची असती तर घेतली कशाला असती?”

दुसऱ्या कुणीही ते त्याच्या तोंडावर फेकलं असतं. सरांनी कापड दोन बोटांत धरून बघितलं. कापड उत्तम होतं.

“काय आणलंत?” बायकोने दार उघडत विचारलं.

“कव्हर.”

“गाडीचं?”

“हो.”

“आणि गाडी?”

सरांनी स्टूल घेतलं, मान सांभाळत वर चढले आणि कव्हर माळ्यावर खोक्यांशेजारी ठेवलं. सगळं ऐकून झाल्यावर बायको हसेल अशी त्यांना आशा होती. ती हसली नाही. खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. “मला वाटलं होतं,” ती म्हणाली, “तुम्ही ती घेतलीत तर पुढेमागे ती निळी भिंतही होईल.” एवढं बोलून ती पोहण्याचे कपडे वाळत घालायला गेली.

रविवारी सकाळी इमारतीखाली हॉर्न वाजला. त्याच्यामागून एक आवाज आला, आणि हातातला वर्तमानपत्राचा कागद सरांनी न वाचताच उलटला.

बायको बाल्कनीतून खाली बघून, कुणाशी तरी दोन शब्द बोलून आत आली. “अहो, पूर्वीचे मालक,” ती म्हणाली, “तुम्हाला खाली बोलावलंय.”

लाल गाडी दाराशीच उभी होती. टप उघडा होता. आत एक ठेंगण्या, पिकल्या केसांच्या बाई होत्या आणि त्यांच्या चष्म्याला दोरी होती.

“सर! त्या व्यापाऱ्याकडून पत्ता काढला. दोनच गोष्टी. रिव्हर्स गिअर पडत नाहीये. मी सकाळपासून फक्त पुढे पुढे जाते आहे.”

“दांड्याखाली एक कडी आहे,” सर म्हणाले. माहितीपुस्तक त्यांना पाठ होतं. ते दारावरून आत वाकले, कडी बोटांनी वर उचलली, दांडा डावीकडे ढकलला. खट्. त्या गाडीत त्यांनी टाकलेला तो दुसराच गिअर, आणि तोही मागे जायचा.

“बघा! ज्याने वापरलीय त्यालाच हे माहीत,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “आणि दुसरी किल्ली तुमच्याकडे राहिलीय का?”

“हरवली,” सर म्हणाले, आणि कधीही न मिळालेली किल्ली हरवल्याबद्दल त्यांनी माफी मागितली.

“जाऊ दे हो. पण एक विचारू? वाचल्यापासून डोक्यात घोळतंय. एवढा जीव होता, तर विकलीत का?”

सरांनी वर बघितलं. बाल्कनीच्या कठड्यावर हनुवटी ठेवून बायको ऐकत होती. खरं सांगायला याहून चांगली वेळ येणार नव्हती. वाक्यही सोपं होतं.

“भाव चांगला येत होता,” सर म्हणाले.

“अच्छा,” डॉक्टरबाई म्हणाल्या. रोज दोनदा दात घासतो म्हणणाऱ्या माणसाला त्या ज्या सुरात अच्छा म्हणत असतील, त्याच सुरात. मग त्या दोन्ही पाय बाहेर काढून, दाराच्या कडेला हात ठेवून, घाई न करता उठल्या आणि किल्ली पुढे केली. “चला, एक चक्कर मारून आणा. तुम्ही चालवा. मी शेजारी बसते. पाठीने कसं ऐकायचं ते मला अजून जमलेलं नाही.”

किल्ली उन्हात चमकत होती. समोर रस्ता होता, रस्त्याला चढ होता, चढाला वळण होतं. सरांचा हात निघाला. अगदी किल्लीपर्यंत गेला.

“नको,” सरांचं तोंड म्हणालं. “किलोमीटर वाढतील.”

म्हटल्याबरोबर त्यांना ते परत घ्यावंसं वाटलं. पण बोललेल्या शब्दाला रिव्हर्स नसतो, आणि डॉक्टरबाई तोवर मोठमोठ्याने हसत होत्या. त्यांना तो विनोद वाटला होता.

“थांबा डॉक्टर!” वरून बायको म्हणाली. “मी येते.”

ती घरच्या सपाता घालून, ओल्या केसांनी खाली आली. सरांच्या शेजारून गेली, दार उघडलं आणि पाण्यात उतरावी तशी, खोली न विचारता, आत बसली.

“गॅसवर दूध ठेवलंय,” ती सरांना म्हणाली. “बघा.”

गाडी निघाली. पहिला. दुसरा. चढाला लागल्यावर आवाज जाड झाला, बायकोने केस मोकळे केलेले लांबून दिसले, तिने एक हात वर केला. सरांसाठी की वाऱ्यासाठी ते कळलं नाही. चढ संपता संपता गाडीने घसा खाकरला आणि मग गायला लागली. तिसरा. जाहिरातीत लिहिलं होतं अगदी तिथेच. सर पाठीने ऐकायचा प्रयत्न करत वाटेतच उभे राहिले. आवाज वळणापलीकडे गेला, बारीक झाला, पुन्हा एकदा उमटल्यासारखा वाटला.

वर दूध उतू गेलं असणार हे त्यांना कळत होतं. त्यांनी घाई केली नाही. शेगडीखाली कागद घातलेला होता, बर्नरभोवती ॲल्युमिनियमच्या चकत्या होत्या. शेगडीला काही होणार नव्हतं.